तान्ह्या बाळाची झोप आणि घराची शिस्त
(महोत्सवातील महिला-सत्रात दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या ह्या महोत्सवात शिक्षण, भाषा, समाजसेवा अशा थोर विषयांवर अधिकारी वक्ते बोलले आहेत. माझा विषय त्या मानाने पाळण्याएवढाच लहान आहे. परंतु नव्या आयांशी बोलू लागले की पहिला प्रश्न हाच येतो, "बाळ झोपत नाही, काय करावे?" ह्याचे चुकीचे उत्तर बाळाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हायला हवा.

जुन्या काळी ह्याचे सर्वांत सोपे उत्तर अफू हे होते. मुंबईच्या गिरणगावात तिच्या गोळीला ‘बाळागोळी’ असे लाडके नाव होते. गिरणीकामगार बायकांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जाते, अशी नोंद मुंबई सरकारच्या कामगारविषयक पत्रिकेत १९२२ साली छापली गेली. त्या आयांना निर्दय म्हणू नये. दिवसभर गिरणीत उभे राहायचे आणि घरी मूल सांभाळायला कोणी नाही, अशी त्यांची दशा होती. पण अफूने मूल झोपत नाही, ते गुंगते. त्याची भूक मरते आणि श्वास मंदावतो. आज अफू गेली, तरी गुंगीचा मोह गेलेला नाही. तिच्या जागी सर्दीच्या औषधाची बाटली आली आहे. अशा एका प्रचलित मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांना डिसेंबर २०२३ मध्ये द्यावा लागला. झोपेसाठी औषध द्यायचे नाही, मग ते गुटीत असो वा चमच्यात, हा पहिला नियम समजावा.

आता बाळाची झोप असते तरी कशी? नवजात बाळ चोवीस तासांत सुमारे १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलेसे, त्यामुळे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा त्याला पाजावे लागते. रात्र म्हणजे झोपायची वेळ, हे त्याच्या शरीराला दोन-तीन महिने कळतच नाही. त्याची जवळजवळ अर्धी झोप चुळबुळीची असते : पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, मधेच ते कुंथते. शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ह्या झोपेचा शोध १९५३ साली जगापुढे मांडला, आणि त्याची सुरुवात झोपलेल्या तान्ह्यांचे डोळे निरखण्यापासूनच झाली होती. तेव्हा बाळाने हूं की चूं केले की लगेच उचलण्याची घाई करू नये. क्षणभर थांबावे. पुष्कळदा ते पुन्हा आपसूक झोपी जाते.

पहिले दोन महिने घड्याळ बाजूला ठेवावे. तिसऱ्या महिन्यापासून हळूहळू क्रम लावावा. सकाळी पडदे उघडून उजेड आत घ्यावा. दिवसा घरातले आवाज नेहमीसारखे चालू द्यावेत. कुकरच्या शिट्टीला बाळ सरावते. तान्हे बाळ तासाभराच्या जागरणाने थकते, सहा महिन्यांचे दोन-तीन तासांनी. नजर वळवणे, डोळे चोळणे, जांभई देणे ह्या त्याच्या खुणा आहेत. रडू फुटेपर्यंत वाट पाहिली तर झोप अवघड होऊन बसते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दिवसाच्या तीन झोपा उरतात, नवव्याच्या सुमारास दोन. संध्याकाळी तेल, कोमट पाण्याची आंघोळ, दूध, मंद दिवा आणि अंगाई हा क्रम रोज तोच ठेवावा. वेळ थोडी मागेपुढे झाली तर चालते, क्रम मोडू नये. आजीची अंगाई सुरात नसली तरी बिघडत नाही, ती रोज तीच असावी.

निजवण्याच्या रीतीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर निजवावे. इंग्लंडने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये ही शिकवण घरोघर पोहोचवली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढे निम्म्याहून कमी झाली. डोके गोल व्हावे म्हणून आपण मोहरीची उशी देतो; ती नको. त्याऐवजी जागेपणी, कोणी समोर असताना, बाळाला थोडा वेळ पोटावर खेळवावे. तोंडावर येईल अशी दुलई नको. बंद खोलीत धुरी नको, तंबाखूचा धूर तर मुळीच नको. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून तेथे एकटे ठेवू नये. सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन डुलकी घेऊ नये. बाळ आपल्याच खोलीत असावे, पण त्याचे अंथरूण वेगळे असावे. आणि आपल्या हैदराबादच्या मे महिन्यात कुंची-दुपट्याचा सोस कशाला? सुती झबले पुरे. सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध, उन्हाळ्यातही वरचे पाणी नको.

बाळ पाजायलाही जागे होत नसेल, धापा टाकत असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. रेड हिल्सवरचे निलोफर रुग्णालय आपल्या शहरात १९५३ पासून आहे. राजकन्या निलोफर यांची दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून ते उभे राहिले, हे आपण जाणताच.

ह्यावरून आठवण होते ती आईची. बाळाच्या झोपेची चौकशी सारे करतात, आईच्या झोपेची कोणी करीत नाही. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली जुनी चाल शहाणपणाची होती. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या वाड्यांत मूल घ्यायला चार हात असत. आज कुकटपल्लीच्या सदनिकेत दोघेच नवराबायको, त्यात एकाला रात्रपाळी. सतत जागरणाने आईचे मन खचते, रडू येते, बाळाविषयी भय वाटू लागते. हा आळस नव्हे आणि नखरेही नव्हेत. वेळीच डॉक्टरांना सांगण्याजोगा तो आजार असू शकतो. दूध आईने पाजावे, पण ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे ही कामे बाबांनाही उत्तम जमतात.

म्हणून माझी ट्रस्टच्या सभासदांना एक विनंती आहे. बाळ पाहायला जाताना रात्री नऊला, बाळाच्या निजेच्या वेळी, दहाजणांनी जाऊ नये. एकीनेच दुपारी जावे. सोबत वरणभाताचा डबा न्यावा, हात स्वच्छ धुवावेत, बाळ मांडीवर घ्यावे आणि आईला म्हणावे, "जा, तू दोन तास नीज. मी बसते आहे." झबल्या-टोपड्यांचा अहेर घरोघर पडून असतो, हा अहेर मात्र त्या माउलीच्या जन्मभर लक्षात राहील.