स्वातच्या बुद्धाचा चेहरा



मित्रांनो, 2007 मध्ये मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या टीव्हीवर बातमी आली: पाकिस्तानातल्या स्वात जिल्ह्यात तालिबान्यांनी जहानाबादच्या बुद्धमूर्तीला सुरुंग लावला. चेहरा उडाला. माझा रूम पार्टनर बौद्ध. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ते गप्प बसणं मला अजून सलतं. बोलण्याइतकी माहितीच माझ्याकडे नव्हती. नंतर मिळवली, ती आज सांगतो.

स्वात हा पश्तूनांचा मुलूख. त्याचं प्राचीन नाव उड्डियान. सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथे गेला होता. कड्यात कोरलेली, सुमारे सहा मीटर उंचीची ही मूर्ती साधारण त्याच काळातली. लोकांचा धर्म बदलला, तरी मूर्ती शतकानुशतकं शाबूत राहिली. 1956 मध्ये मिंगोऱ्याजवळच्या बुतकारा स्तूपाचं उत्खनन इटालियन अभ्यासकांनी सुरू केलं, तेव्हा स्वात संस्थानचे वली होते मियांगुल जहानजेब. त्यांच्याच काळात 1952 मध्ये जहानजेब कॉलेज निघालं आणि 1963 मध्ये स्वातचं संग्रहालय उघडलं. कॉलेज आणि स्तूप यांत त्यांना विरोध दिसला नाही.

तालिबान्यांना मात्र दोन्ही नको होतं. त्यांनी मूर्ती फोडली, तशा मुलींच्या शाळाही उडवल्या. 2012 मध्ये मिंगोऱ्यात शाळेतून घरी निघालेल्या मलालावर गोळी झाडली.

त्याच वर्षी मूर्तीच्या दुरुस्तीला सुरुवात झाली. लेझर स्कॅन आणि जुने फोटो वापरून संगणकावर त्रिमितीय चेहरा तयार झाला. 2016 मध्ये काम पुरं झालं. चेहरा हुबेहूब केलेला नाही. घाव कळावा, एवढी खूण ठेवली आहे. आम्ही सॉफ्टवेअरवालेही चूक दुरुस्त करतो, पण तिची नोंद पुसत नाही.

आपल्याकडेही असं काम झालंय. अजिंठा निजामाच्या राज्यात होता. तिथली चित्रं वाचवायला 1920च्या सुमारास हैदराबाद सरकारने इटलीहूनच तज्ज्ञ आणले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावर चार खंड सिद्ध केले.

म्हणून कुणी विचारलं, "बुद्धाशी तुमचा काय संबंध?" तर माझ्यासारखे गप्प बसू नका. स्वातचं सांगा, यझदानींचं सांगा. मी रूम पार्टनरला फोन केला, तेव्हा हेच सांगितलं. पंधरा-सोळा वर्षं उशिरा. तो म्हणाला, "चल, अजिंठ्याला जाऊ."