जाळण्याची वस्तू नव्हे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले सेवानिवृत्त शिक्षक. स्थापत्यशास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि एक चूक कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. स्वच्छतेच्या तासाला मुलांकडून प्लास्टिक वेचून घेऊन आम्ही ते पटांगणाच्या कोपऱ्यात जाळीत असू. स्वच्छतेच्या समाधानात तो विषारी धूर आम्ही मुलांनाच दिला.

त्याच प्लास्टिकचा सदुपयोग होऊ शकतो. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय व इंग्लंडमधील बाथ विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काँक्रीटमधील १० टक्के वाळूच्या जागी प्लास्टिक घातले. गुळगुळीत प्लास्टिकला सिमेंट घट्ट धरीत नाही, म्हणून ताकद घटते. परंतु बाटल्यांचा चुरा वाळूच्याच आकाराचा राखला असता ही घट अल्प राहिली. या रीतीने भारतात वर्षाकाठी ८२ कोटी टन वाळू वाचू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. वाशीम जिल्ह्यात पैनगंगेच्या आधाराने राहणाऱ्या आपणांस वाळूचे मोल सांगावयास नको.

मात्र कोणीही घराच्या स्लॅबमध्ये आपल्या मनाने असा चुरा मिसळू नये; ते काम अभियंत्याने पारखून करावयाचे. आपले काम त्याआधीचे आहे. खरकट्याने माखलेल्या, सरमिसळ कचऱ्यातून चांगला चुरा निघत नाही. म्हणून आजच्या पंगतीनंतर रिकाम्या बाटल्या वेगळ्या वेचून भंगारवाल्याच्या स्वाधीन कराव्यात व कोणी काडी लावू नये, एवढीच विनंती. पहिले पोते आम्ही स्वतः धरू.