धनी आणि मक्तेदार

आपल्या नंदुरबारात घर बांधावयास काढणारा गृहस्थ मक्त्याच्या कागदावर सही झाली की निश्चिंत होतो. आता सारा भार मक्तेदाराचा, अशी त्याची समजूत असते. ती कितपत खरी, हे बोरघाटाच्या लोहमार्गावरून पाहू.

तेथे धनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी. मार्ग कोठून न्यावयाचा, हे तिचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याने ठरविले. माणसे, हत्यारे व सुरुंग यांची जुळवाजुळव मक्तेदार फेव्हिएल याजकडे होती. त्याने काम पोटमक्तेदारांत वाटले. मजुरी थकली आणि १८५९ साली मजुरांनी दंगा केला. फेव्हिएलने मक्ता सोडला, तेव्हा काही महिने कंपनीलाच काम अंगावर घ्यावे लागले. पुढे आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने जाणते इंजिनियर नेमून काम तडीस नेले, व १८६३ साली घाट खुला झाला. परंतु १८६७ साली तेथील एक मोठा पूल कोसळला. त्याची झळ लागली ती कंपनीलाच.

सारांश, मक्त्याने काम देता येते, काळजी देता येत नाही. काय हवे ते धन्याने आरंभीच लिहून द्यावे. पाया बुजविण्यापूर्वी तो डोळ्यांनी पाहावा. हप्ता वेळेवर द्यावा आणि मजुरांच्या हाती मजुरी पडली की नाही, हेही विचारावे. मात्र मक्तेदारास डावलून गवंड्याला परस्पर हुकूम सोडू नयेत. तसे केल्यास चुकीचा जाब कोणास विचारणार?