चीक, ऊब आणि पहिला दिवस



खरवस आठवतोय ना? इथे अमेरिकेत आपण कंडेन्स्ड मिल्क आणि चायना ग्रास घालून खोटा खरवस करतो, कारण ताज्या व्यालेल्या गाईचा चीक आणून देणारा गवळी इथे नाही. आज मी त्या चिकाबद्दलच बोलणार आहे, पण गाईच्या नाही, डुकरिणीच्या.

हसू नका! मी पशुवैद्य आहे आणि आयोवात काम करते. अमेरिकेतली जवळपास एक तृतीयांश डुकरं या एका राज्यात आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हटलं, "डुकरांच्या पिल्लांची पोटं सांभाळते," की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो. पण ही पिल्लं आपल्या घरातल्या तान्ह्या बाळांबद्दलही बरंच काही सांगतात.

डुकरिणीचे दिवस भरायला तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस लागतात. एका वितीत बारा-चौदा पिल्लं होतात. प्रत्येकाचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो, आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे पिल्लू लगेच गारठतं. गारठलेलं पिल्लू सुस्त होतं, सडापर्यंत पोचत नाही, म्हणून उपाशी राहतं आणि आणखी गारठतं. पिल्लं दगावतात ती बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांतच.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, वारेतून मिळतात. डुकरिणीची वार मात्र ती जाऊ देत नाही. पिल्लू जन्माला येतं ते अगदी निःशस्त्र. त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. आणि त्याला वेळेची कडक मर्यादा आहे. पहिल्या दिवसात पिल्लाचं आतडं ही प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात घेऊ शकतं. चोवीस ते छत्तीस तासांत हे दार बंद होतं. मग कितीही दूध पाजा, रक्तात काही पोचत नाही.

आता हिशोब बघा. एका पिल्लाला निदान 200 ते 250 ग्रॅम चीक लागतो. डुकरीण पहिल्या दिवसात साधारण साडेतीन किलो चीक देते, आणि पिल्लं जास्त झाली म्हणून तो वाढत नाही. म्हणजे चौदा पिल्लांना जेमतेम पुरणार, आणि दांडग्यांनी जास्त ओढला तर बारक्यांना काहीच नाही. म्हणून चांगला शेतकरी पोट भरलेल्या पिल्लांना तास-दीड तास दिव्याच्या उबेत खोक्यात ठेवतो आणि तेवढ्यात बारक्यांना सडाला लावतो. या साध्या कामाने कितीतरी पिल्लं वाचतात.

आता पोटातल्या जंतूंकडे वळू. जन्मल्यापासून काही तासांतच आईच्या अंगावरून, सडावरून, शेणातून, जमिनीवरून असंख्य जंतू पिल्लाच्या आतड्यात उतरतात. दुधात काही साखरा अशा असतात की त्या पिल्लाला स्वतःला पचत नाहीत. त्या असतात चांगल्या जंतूंसाठी. आई एकाच घासात पिल्लालाही वाढते आणि त्याच्या पोटातल्या राखणदारांनाही. हे राखणदार जागा धरून बसतात, आम्ल तयार करतात, त्यामुळे हगवणीच्या जंतूंना पाय रोवायला जागा उरत नाही.

म्हणूनच दूध तोडण्याची वेळ धोक्याची. निसर्गात ते काही महिन्यांत हळूहळू तुटतं, पण इथल्या फार्मवर साधारण तीन आठवड्यांनी एकदम. आई नाही, दूध नाही, समोर कोरडं खाद्य. आतड्याचं अस्तर खराब होतं, जंतूंची घडी विस्कटते आणि आठवड्याभरात हगवण लागते. पूर्वी डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक्स सर्रास घालत. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधं निव्वळ वाढीसाठी वापरणं 2017च्या जानेवारीपासून अमेरिकेत बंद झालं. तेव्हापासून चीक, खाद्य आणि चांगले जंतू यांकडे जास्त लक्ष जाऊ लागलं.

याचा आपल्या बाळांशी काय संबंध? डुकराचं आणि माणसाचं आतडं बरंच सारखं आहे. ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमधल्या बालपोषण संशोधन केंद्रात अपुऱ्या दिवसांच्या पिल्लांवर अभ्यास झाले आहेत. अशा पिल्लांना नुसतं डब्याचं दूध दिलं तर आतड्याचा भाग मरण्याचा गंभीर आजार जास्त होतो, चीक दिला तर कमी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही हाच आजार होतो. आईचं दूध मिळालं नाही तर दुसऱ्या आईचं तरी मिळावं, यासाठी मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते.

माझ्या बाळंतपणाला आई सांगलीहून आली, तेव्हा तिच्या पिशवीत घरचा मध होता. "बाळाला मधाचं बोट चाटवू," म्हणाली. मी नको म्हटलं. "अगं, तुला नाही का चाटवला? काय झालं तुला?" मी तिला पिल्लांचीच गोष्ट सांगितली. मधात कधीकधी बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असतात. मोठ्या माणसाच्या पोटातले राखणदार त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या पोटात हे राखणदार अजून पुरेसे बसलेलेच नसतात. म्हणून वर्षभर मध नाही, थेंबभरसुद्धा नाही. आईला ते पटलं. तो मध आम्ही मोठ्यांनी चहात संपवला.

तेव्हा श्रोतेहो, घरात बाळ येणार असेल तर एवढं ठरवून ठेवा. पहिलं पिवळट घट्ट दूध कुणी "जड असतं, पिळून टाक" म्हणालं तर ऐकू नका. ते थोडं असतं, पण तेवढंच हवं असतं. बाळाला उरापाशी उबेत ठेवा. मध, गुटी, साखरेचं पाणी पहिल्या दिवशी नको. चांगल्या जंतूंचे थेंब दुकानात मिळतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर मुळीच नाही. आणि काही कारणाने अंगावर दूध आलंच नाही, तर त्या आईला बोल लावू नका. बारक्या पिल्लासाठी शेतकरी उठतो, तसे तुम्ही तिच्यासाठी उठा. रात्री दोन वाजता बाळ घ्या आणि तिला झोपू द्या.