संकटापूर्वीची तरतूद : मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी दोन शब्द



ज्युबिली म्हणजे देवाच्या उपकारांचे स्मरण होय. तसेच ते शेजाऱ्याच्या ऋणाचेही स्मरण होय. यास्तव या मंगल प्रसंगी, ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा आपल्या बांधवांविषयी बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अशा रुग्णांपैकी पुष्कळांचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते. यास डायलिसिस म्हणतात. बहुधा आठवड्यातून दोन वा तीन वेळा, दर खेपेस सुमारे ४ तास हा उपचार चालतो. त्यास प्रत्येक वेळी १२० लिटरांच्या आसपास शुद्ध पाणी व अखंड वीज लागते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत आपल्या वसईत घरोघरी पाणी शिरले, आगगाड्या थांबल्या, वीज गेली. निरोगी माणसाची अशा वेळी गैरसोय होते. परंतु डायलिसिस चुकलेल्या रुग्णाच्या देहात पाणी व क्षार साठतात, आणि पोटॅशियम फार वाढले म्हणजे हृदय एकाएकी बंद पडू शकते.

येथे दयेलाही ज्ञानाची जोड हवी. पुरात अडकलेल्या आजाऱ्याकडे आपण प्रेमाने केळी, सुकेळी, शहाळी नेतो. याच पदार्थांत पोटॅशियम विपुल असते! ज्याचे डायलिसिस चुकले आहे, त्यास ही प्रेमाची भेट प्राणघातक ठरू शकते.

मग करावे काय? रुग्णाने पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांस विचारून, उपचार चुकल्यास निदान ३ दिवस पाणी, मीठ व पोटॅशियम कमी असलेला कोणता आहार घ्यावा, हे लिहून घ्यावे. औषधांचा थोडा साठा ठेवावा. औषधांची नावे, रक्तगट, डायलिसिसनंतरचे ठरलेले वजन आणि कोणत्या हाताला सुई टोचू नये वा रक्तदाब मोजू नये, हे लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ बाळगावा.

डॉक्टर व परिचारिका यांच्यावरही भार आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी हे चक्रीवादळ अमेरिकेतील न्यूयॉर्क व न्यू जर्सीकडे येत असता, अनेक केंद्रांनी ते धडकण्यापूर्वीच रुग्णांस बोलावून डायलिसिस उरकले. ज्यांना हा आगाऊ उपचार लाभला, त्यांच्यात पुढील ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण कमी होते, असे पुढे अभ्यासांती आढळले. अतिवृष्टीचा इशारा मिळताच आपल्याकडील केंद्रांनीही असेच करावे. जनित्र व पाण्याचा साठा तयार ठेवावा. शेजारच्या केंद्राशी आधीच बोलणी करावीत.

आणि आपण धर्मग्रामस्थांनी? प्रत्येक वाडीत असा रुग्ण कोण, त्याचा उपचार कोणत्या वारी, त्यास पाण्यातून कोण नेईल, हे ज्येष्ठ महिन्यापूर्वीच ठरवावे.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांपैकी पाच जणींचे दिवे विझू लागले, ते तेल नसल्यामुळे. आणि वर आल्यावर तेल आणावयास वेळ उरला नाही. आमची विनंती इतकीच, की आपल्या शेजाऱ्याच्या दिव्यातील तेल आभाळ कोरडे आहे तोवर पाहून घ्यावे. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.