माजी सैनिकांची वैद्यकीय सेवा आणि खासगीकरणाचा प्रश्न

माजी सैनिकाच्या वैद्यकीय सेवेत तीन वेगवेगळी कामे असतात. खर्च भरणे हे पहिले. तपासणे, शस्त्रक्रिया करणे, औषध देणे हे दुसरे. तिसरे काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हा माणूस कुठे तैनात होता, त्याला काय लागले, कशाच्या संपर्कात आला, पुढे कोणती व्याधी डोके वर काढू शकते, याची नोंद ठेवून तो हयात असेपर्यंत त्याच्या प्रकृतीचा पाठपुरावा करणे, हे ते तिसरे काम. खासगीकरणाचा वाद पहिल्या दोन कामांभोवतीच फिरत राहतो. दुसरे काम खासगी रुग्णालयांशी वाटून घेता येते, आणि अनेक ठिकाणी घ्यावेच लागते. पण त्याच्यासोबत तिसरेही नकळत हातचे जाते. खासगीकरणाची खरी हानी इथे होते.

या वादाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. यादवी युद्ध संपत आले असताना, ३ मार्च १८६५ रोजी, अपंग झालेल्या स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृह उभारण्याच्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी सही केली. १९३० मध्ये विखुरलेल्या सर्व योजना ‘व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन’ या एका संस्थेखाली आल्या आणि १९८९ मध्ये तिला मंत्रालयाचा दर्जा मिळाला. आज या व्यवस्थेत सुमारे ९० लाख माजी सैनिक नोंदलेले आहेत. सुमारे १७० रुग्णालये आणि एक हजाराहून अधिक दवाखाने ती चालवते आणि तिथले डॉक्टर सरकारी पगारावर असतात. ज्या देशात बाकीच्या बहुतेकांचे उपचार खासगी डॉक्टर आणि खासगी रुग्णालये यांच्याकडे होतात, तिथे ही सरकारी व्यवस्था उठून दिसते. संशोधनातही तिने मोठी भर घातली आहे. रक्तातील संप्रेरकांचे अत्यल्प प्रमाण मोजण्याची जी पद्धत आज जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली, ती रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिक रुग्णालयात विकसित केली. त्याबद्दल यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

२०१४ मध्ये या व्यवस्थेला मोठा धक्का बसला. ॲरिझोनातील फीनिक्सच्या रुग्णालयात माजी सैनिकांना भेटीची तारीख मिळायला महिनोन्महिने लागत होते आणि हा विलंब झाकण्यासाठी खऱ्या प्रतीक्षायाद्या अधिकृत नोंदींबाहेर ठेवल्या जात होत्या, हे उघडकीस आले. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींचा मृत्यू झाला होता. चौकशीचे लोण इतर राज्यांत पोहोचले आणि मंत्री एरिक शिनसेकी यांना ३० मे रोजी राजीनामा द्यावा लागला. ठरलेल्या मुदतीत भेट दिल्याचे आकडे दाखवण्याचा दबाव वरून होता, पण तेवढ्या भेटी देण्याइतके डॉक्टर मात्र नव्हते. सरकारी व्यवस्था आतून कशी सडते याचे हे उदाहरण आहे. सरकारी सेवेचा कैवार घेणाऱ्यांनी ते नजरेआड करू नये.

लगोलग ऑगस्ट २०१४ मध्ये नवा कायदा झाला. सरकारी रुग्णालय ४० मैलांहून दूर असेल किंवा ३० दिवसांत तारीख मिळत नसेल, तर माजी सैनिकाने बाहेरच्या डॉक्टरकडे जावे आणि खर्च सरकारने द्यावा, अशी ती योजना होती. कागदावर तिच्यात खोट दिसत नव्हती. अंमलबजावणीत मात्र सरकारी कार्यालय, मधली कंत्राटदार कंपनी आणि बाहेरचा डॉक्टर अशी साखळी तयार झाली. नेहमीच्या उपचारासाठी या साखळीतून जाताना ७० दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले. तीस दिवसांची वाट टाळण्यासाठी काढलेल्या वाटेवर सत्तर दिवसांपर्यंत लागू शकत होते. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. त्यानुसार प्राथमिक व मानसिक उपचारांसाठी गाडीने ३० मिनिटांचे आणि तज्ज्ञांच्या उपचारांसाठी ६० मिनिटांचे अंतर ही मर्यादा ठरली. प्रतीक्षेची मर्यादा अनुक्रमे २० आणि २८ दिवस झाली. बाहेरची वाट त्यामुळे बरीच रुंद झाली.

दरम्यान सरकारी रुग्णालयेही सुधारत होती. अमेरिकेतील मोठ्या शहरांत केलेला एक तुलनात्मक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये माजी सैनिक रुग्णालयांतल्या आणि खासगीतल्या प्रतीक्षेत लक्षणीय फरक नव्हता. २०१७ पर्यंत प्राथमिक उपचार, त्वचारोग आणि हृदयरोग या विभागांत तिथे खासगीपेक्षा लवकर भेट मिळू लागली होती. अस्थिरोगात मात्र सरकारी व्यवस्था मागेच होती. याहून महत्त्वाचा अभ्यास डेव्हिड चॅन, डेव्हिड कार्ड आणि लोवेल टेलर यांचा आहे. (कार्ड हे २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभ्यासक.) ज्या वृद्ध माजी सैनिकांना सरकारी व खासगी दोन्हीकडे उपचार घेण्याचा हक्क होता आणि ज्यांना रुग्णवाहिकेने आणले गेले, त्यांचीच निवड या अभ्यासात झाली. कोणती रुग्णवाहिका येईल हे रुग्णाच्या हाती नसते. त्यामुळे सरकारी रुग्णालयांत मुळात कमी गंभीर रुग्ण येतात, हा नेहमीचा आक्षेप इथे बराचसा गळून पडतो. माजी सैनिक रुग्णालयात पोहोचलेल्यांचे २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघाले आणि खर्चही कमी झाला. रुग्णाचा पूर्वेतिहास एका ठिकाणी असणे आणि उपचारात सातत्य असणे, याकडे या अभ्यासकांनी कारण म्हणून बोट दाखवले आहे. तिसऱ्या कामाचे मोल याहून स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडले गेले असेल.

नोंद तुटली की काय होते हेही अमेरिकेतच दिसले. अफूजन्य वेदनाशामके सरकारी व्यवस्था आणि वृद्धांसाठीची ‘मेडिकेअर’ योजना अशा दोन्हीकडून घेणाऱ्या माजी सैनिकांत अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोका एकाच ठिकाणाहून घेणाऱ्यांच्या दुप्पट ते तिप्पट आढळला. दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण एकाने काय लिहून दिले हे दुसऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. मानसिक आजारांबाबत ‘रँड’ या संस्थेने २०१४ मध्ये खासगी उपचारकांची पाहणी केली. सैनिकी जीवनाची जाण आणि शास्त्रसिद्ध उपचारपद्धतींचे प्रशिक्षण या दोन्ही कसोट्यांवर त्यांतले जेमतेम १३ टक्के उतरले. खासगी डॉक्टर कमी हुशार आहेत असा याचा अर्थ नाही. महिन्यात एखादाच माजी सैनिक ज्याच्याकडे येतो, त्याला रणभूमीवरून आलेल्या माणसाची निद्रानाशाची तक्रार वेगळी ओळखता येत नाही, इतकेच. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाचे किंवा इराक-अफगाणिस्तानातील तळांवर कचरा जाळणाऱ्या खड्ड्यांच्या धुराचे परिणामही असेच वर्षानुवर्षांनी दिसतात. त्या धुराशी निगडित आजारांना सेवेतून आलेले आजार मानणारा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्याशिवाय असा संबंध जुळत नाही.

पैशाची बाजूही आहे. बाहेरच्या उपचारांची बिले ज्या तिजोरीतून जातात, त्याच तिजोरीतून सरकारी रुग्णालयांतली डॉक्टरांची पदे भरायची असतात. बिले वाढली की पदे रिकामी राहतात, पदे रिकामी राहिली की प्रतीक्षा वाढते आणि प्रतीक्षा वाढली की आणखी रुग्ण बाहेर जातात. कोणी ठराव करून रुग्णालय बंद केले नाही, तरी काही वर्षांत ते पोकळ होते.

रुग्णालये थेट विकल्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तिथली माजी सैनिकांची मोठी रुग्णालये १९९० च्या दशकात केंद्र सरकारने सोडली. सिडनीचे काँकर्ड आणि मेलबर्नचे हायडलबर्ग राज्यांच्या सार्वजनिक व्यवस्थेत गेले, तर पर्थचे हॉलिवूड आणि ब्रिस्बेनचे ग्रीनस्लोप्स ‘रॅमसे’ या खासगी कंपनीने घेतले. माजी सैनिकांचा हक्क मात्र इमारतीबरोबर विकला गेला नाही. उपचाराचे कार्ड सरकारने स्वतःकडे ठेवले, दर ठरवले, बिले भरली आणि माजी सैनिकांच्या व्यवहारासाठी स्वतंत्र खाते चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धातील पिढी वृद्ध होऊन घटत होती आणि लोकसंख्या बहुतांशी शहरांत होती, हेही या प्रयोगाच्या पथ्यावर पडले. ब्रिटनने शीतयुद्धानंतर आपली लष्करी रुग्णालये एकेक करून बंद केली, पण तिथे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा होती. या दोन देशांचा दाखला देऊन खासगीकरण सोपे आहे असे म्हणणारे या अटी वगळून बोलतात.

भारताने १ एप्रिल २००३ पासून जी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) स्वीकारली, ती मुळातच संमिश्र आहे. त्यापूर्वी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयात जागा असेल तर उपचार मिळे, नाहीतर महिन्याला १०० रुपयांचा वैद्यकीय भत्ता. ‘ईसीएचएस’ने ही परिस्थिती खऱ्या अर्थाने बदलली. सुरुवातीच्या २२७ पॉलिक्लिनिकची संख्या २०१० नंतरच्या विस्तारात ४०० च्या वर गेली. कुटुंबीयांसह ५० लाखांहून अधिक लोक आज तिचे लाभार्थी आहेत. निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच वर्गणी भरायची. शिपाई ते हवालदार या दर्जाला ती ३० हजार रुपये आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते, गरज पडल्यास रेफरल मिळते आणि लष्करी रुग्णालयात सोय नसेल तर पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात कॅशलेस उपचार होतात. पैसा सरकारचा, पहिली तपासणी सरकारी देखरेखीखाली आणि मोठा उपचार बहुधा खासगी, अशी ही मांडणी तत्त्वतः योग्यच आहे.

ती अडखळते ती व्यवहारात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने पॉलिक्लिनिकमधील औषधांचा तुटवडा, बिलांच्या छाननीतील विलंब आणि पॅनेलवरील रुग्णालयांना दिल्या गेलेल्या जादा रकमा यांवर बोट ठेवले होते. रुग्णालयाची बिले थकली की ते कॅशलेस बंद करते किंवा खाट रिकामी नसल्याचे सांगते. दर बाजारभावापेक्षा कमी असले की रोख पैसे देणारा रुग्ण आधी घेतला जातो.  खासगी रुग्णालयांच्या चालकांपुढेही हे म्हणायला हवे की अशा वेळी सोसावे लागते ते हातात रेफरलचा कागद घेऊन उभ्या असलेल्या सुभेदाराला किंवा त्याच्या विधवेला. जबाबदारी अर्धी सरकारची आणि अर्धी रुग्णालयाची असली, तरी त्यांच्या दृष्टीने ती कुणाचीच नसते.

अंतराचा प्रश्न महाराष्ट्राला जवळचा आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथल्या अशा अनेक गावांत जवान ऐन उमेदीच्या वयात निवृत्त होऊन परततात आणि पुढची चार-पाच दशके त्यांना वैद्यकीय सेवा लागते. मोठी खासगी रुग्णालये मात्र पुणे-मुंबईत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेली आहेत. खासगी गुंतवणूक गर्दी आणि ऐपत पाहून जागा निवडते. सातारा जिल्ह्यातील माण-खटावच्या माजी सैनिकासाठी ती तिथे जाणार नाही. त्याच्या जवळ पोहोचणारी सेवा पॉलिक्लिनिकची किंवा फिरत्या दवाखान्याचीच असू शकते.

पुण्यातच या प्रश्नाचा दुसरा पैलू दिसतो. १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र, १९१७ पासून अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र, यांपैकी एकही संस्था नफ्याच्या हिशेबातून उभी राहिली नसती. सुरुंगाने पाय गेलेल्या जवानाचा प्रश्न कृत्रिम पाय एकदा बसवून संपत नाही. खुंट बदलतो, वजन बदलते, सांधा झिजतो, आणि दर काही वर्षांनी तो पुन्हा बसवावा लागतो. मोतीबिंदू, सांधेरोपण, डायलिसिस, अँजिओप्लास्टी हे उपचार पॅनेलवरच्या रुग्णालयांना निःशंकपणे द्यावेत. तिथे अनुभव आहे आणि यंत्रेही आहेत. युद्धजन्य अपंगत्व, मेंदूची इजा, मानसिक आघात, अतिउंचीवरील सेवेचे दुष्परिणाम आणि तोफांच्या आवाजाने आलेला बहिरेपणा यांचे ज्ञान मात्र लष्करी वैद्यक संस्थांतच साठत राहिले पाहिजे.

यातून काही ठोस गोष्टी निघतात. पॅनेलवरच्या रुग्णालयाचे बिल ठराविक दिवसांत भरले नाही, तर त्यावर व्याज द्यावे. ज्याला रेफरल असूनही दाखल करून घेतले नाही, अशा प्रत्येक रुग्णाची नोंद पॉलिक्लिनिकने घ्यावी आणि वारंवार नाकारणाऱ्या रुग्णालयाचे नाव पॅनेलवरून काढावे. सेवाकाळातील वैद्यकीय कागदपत्रे निवृत्तीच्या दिवशीच पॉलिक्लिनिकच्या संगणकावर यावीत आणि खासगी रुग्णालयाचा डिस्चार्ज अहवाल त्यांत जमा झाल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. पॉलिक्लिनिकमधील कंत्राटी डॉक्टरांना दीर्घ मुदतीची नेमणूक द्यावी, कारण डॉक्टर वारंवार बदलत राहिला तर कोणतीही नोंद जिवंत राहत नाही.

योजनेच्या कक्षेचा प्रश्न मात्र उघडाच आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्यांपैकी फक्त २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होणार आहेत. बाकीचे चार वर्षांनी बाहेर पडतील, आणि मूळ अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही आणि ईसीएचएसही नाही. सेवेत अपंगत्व आल्यास एकरकमी भरपाईची तरतूद आहे, पण आयुष्यभराच्या उपचाराची नाही. त्यांना बाजाराच्या हवाली करायचे की नाही हे कुणी स्वतंत्रपणे ठरवलेले नाही. अटींतून ते आपोआप घडले आहे. २०१९ मध्ये अल्पसेवा अधिकाऱ्यांना ईसीएचएसमध्ये घेण्यासाठी सरकारने नियम बदलले होते. सेवेत जखमी वा आजारी झालेल्या अग्निवीराला त्याच रीतीने सामावून घेणारी दुरुस्ती, पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस बाहेर पडू लागण्यापूर्वी, झाली पाहिजे.