हे तेच देऊळ का?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



श्रींच्या मंदिराचे काम चालू असताना पारावर दोन प्रकारची बोलणी होत. सिमेंटच्या गोणीचा भाव काय, वर्गणी किती जमली, कळसाला कारागीर कोठून आणावा, हे एक. दुसरे एका वृद्ध मातेने काढले. गाभाऱ्याचे दगड उतरताना पाहून ती म्हणाली, "आता हे तेच देऊळ राहील का रे बाबांनो?" कोणी हसले. कोणी म्हणाले, "आजी, देव तोच आहे ना, मग झाले!"

पहिला विचार व्यवहाराचा. त्याला कमी लेखू नये. त्याच्यावाचून भिंत उभी राहत नाही. भाव विचारला, उत्तर मिळाले, प्रश्न मिटला. आजीबाईंच्या प्रश्नाला मात्र दुकानात उत्तर नाही आणि टेप लावूनही ते सापडत नाही. तेथे आधी 'तेच' म्हणजे काय हे ठरवावे लागते. रोजच्या वापरातल्या शब्दालाच असा जाब विचारला की तत्त्वज्ञान सुरू होते. तेराव्याला 'कोण कोणाचे' म्हणून सुस्कारा टाकतात, त्यालाही लोक तत्त्वज्ञान म्हणतात. ते काही खरे नव्हे.

प्रश्न फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते. नैयायिकांना हे पटले नाही. त्यांच्या मते पुरी वस्तू, म्हणजे अवयवी, ही भागांहून वेगळी व खरीच असते. पण एखादा भाग गेला की जुना अवयवी संपून नवा उत्पन्न होतो. दोन्ही पक्षांनी नुसते मत दिले नाही, कारणे दिली. विरुद्ध बाजू पूर्वपक्ष म्हणून आधी नीट मांडायची आणि मग खोडायची, ही त्या वादाची शिस्त. पारावर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते.

कायद्यालाही हा प्रश्न चुकला नाही. हिंदू देवता ही कायद्याने व्यक्ती ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली आयकराच्या एका दाव्यात म्हटले. म्हणून देवस्थानच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव असते, आणि भिंती नव्या झाल्या म्हणून फेरफार घालावा लागत नाही. कागदापुरता हिशेब तेथे मिटतो.

जुन्या उंबऱ्याच्या दगडाचा मिटत नाही. तो नदीत सोडावा की नव्या पायरीत बसवावा, यावर पंचांत दोन तट आहेत. नागसेनाच्या वाटेने गेले तर देवळाचे नाव चालू आहे, दगडावाचून काही अडत नाही. नैयायिकांच्या वाटेने गेले तर देऊळ नवे झाले, आणि जुन्याचे जे उरले ते एवढेच. निर्णय व्हावयाचा आहे. तोवर दगड दीपमाळेजवळ ठेवला आहे.